सोन्याचे वजन आणि मिश्रणाचे गणित

माणसाची पारख आणि धातूची पारख यांची मराठीतली भाषा एकच आहे. खरा माणूस बावनकशी ठरतो, खोटा हिणकस निघतो, प्रसंग पडला की कसोटी लागते आणि घराण्याच्या लौकिकाला बट्टा लागतो. हे सारे शब्द सराफाच्या पेढीवरून आपल्या बोलण्यात आले. ‘कस’ म्हणजे काळ्या दगडावर ओढलेली सोन्याची रेघ. ‘हीण’ म्हणजे मोलाच्या धातूत मिसळलेला हलका धातू. ‘बट्टा’ म्हणजे एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवताना सोसावी लागणारी तूट. सरकारी खजिन्यात भरणा होणाऱ्या नाण्यांची पारख करणारा तो ‘पोतदार’. आज ते केवळ आडनाव उरले आहे.

या शब्दांच्या मागे एक जुने भय आहे. हाती आलेला धातू दिसतो तोच आहे की त्याचे सोंग घेतलेले दुसरेच काही आहे, हे भय. आणि त्या भयाच्या मागे एक शुद्ध गणिती प्रश्न उभा आहे: निरनिराळे धातू हिशेबाने मिसळून एखाद्या शुद्ध धातूसारखेच वागणारे मिश्रण तयार करता येईल काय? वजन तेच, आकार तोच, रंग तोच, आगीतले व आम्लातले वागणे तेच? या प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांहून मोठा आहे. त्याची एक बाजू लबाडांनी लिहिली आणि दुसरी बाजू त्यांना पकडू पाहणाऱ्यांनी. सोन्याच्या एका उदाहरणावरून तो इतिहास उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सिराक्यूजचा मुकुट

या कथेचा आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. सिसिली बेटावरील सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरो याने देवाला वाहण्यासाठी सोन्याचा मुकुट घडवून घेतला. सोनाराने दिलेल्या सोन्याइतकेच मुकुटाचे वजन भरले; पण त्याने काही सोने काढून तितकेच रुपे मिसळले असावे, असा संशय राजाला आला. मुकुट न मोडता निवाडा करण्याचे काम आर्किमिडीजकडे आले. ही हकीकत आपल्याला रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियसच्या ग्रंथात मिळते, आणि तो ग्रंथ आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोन शतकांनी लिहिला गेला. स्नानाचे कुंड आणि नागव्याने धावणे हा भाग कथेचा अलंकार मानला, तरी त्यातले तत्त्व पक्के आहे.

आजच्या आकड्यांत ते असे मांडता येईल. पाण्याच्या मानाने सोने १९.३ पट जड, तर रुपे १०.५ पट. म्हणजे शंभर तोळे सोने ५.१८ तोळे पाणी बाजूस सारील आणि शंभर तोळे रुपे ९.५३ तोळे. शंभर तोळ्यांच्या मुकुटाने ६.०५ तोळे पाणी सारले, तर शुद्ध सोन्यापेक्षा ०.८७ तोळे अधिक सारले. सगळेच रुपे असते तर हा फरक ४.३५ तोळे झाला असता. ०.८७ हा ४.३५चा पाचवा हिस्सा. म्हणून मुकुटात वीस तोळे रुपे आहे. त्रैराशिक जाणणाऱ्या कोणालाही हे जमेल.

मात्र हा फरक फार बारीक आहे. रुंद भांड्यात मुकुट बुडवून पाण्याची पातळी पाहिल्यास तो डोळ्यांना दिसणेही कठीण. म्हणूनच १५८६ साली, बावीस वर्षांच्या गॅलिलिओने आपल्या छोट्या निबंधात सांडलेले पाणी मोजण्याची पद्धत स्थूल म्हणून बाजूला ठेवली आणि धातू पाण्यात बुडवून तोलणारा नाजूक तराजू सुचवला. त्याच्या साडेचार शतके आधीच, ११२१च्या सुमारास, मर्व येथील अल-खाझिनी याने ‘ज्ञानाचा तराजू’ या अर्थाच्या नावाने एक मोठा ग्रंथ लिहून असा जलतराजू आणि त्यावरून दोन धातूंच्या मिश्रणाचे प्रमाण काढण्याची रीत सविस्तर सांगितली होती. त्यानेही अल्-बिरुनीच्या मापनांचा आधार घेतला होता.

लीलावतीतील सुवर्णगणित

आपल्याकडे हाच प्रश्न पाण्याच्या वाटेने न येता हिशेबाच्या वाटेने आला. कौटिलीय अर्थशास्त्रात सोन्याच्या कारखान्यावरील अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना सोनारांच्या चोरीचे प्रकार मोजून दिले आहेत. त्यांत खोटा तराजू आहे, धातू बदलणे आहे आणि वरून सोन्याचा पत्रा चढवून आत हलका धातू लपवणेही आहे. शुद्ध सोन्याचे सोळा ‘वर्ण’ मानून त्याच्या खालच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धतही तिथूनच परिचित आहे. या वर्णांवरूनच आपल्या गणितग्रंथांत ‘सुवर्णगणित’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त त्याचा विस्तार केला. पुढे ११५० साली भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ते अतिशय सुबक रूपात अवतरले.

भास्कराचार्यांचे उदाहरण साधे आहे. १३ वर्णांचे १० मासे, १२ वर्णांचे ४ मासे, ११ वर्णांचे २ मासे आणि १० वर्णांचे ४ मासे सोने एकत्र आटवले, तर मिश्रणाचा वर्ण कोणता? प्रत्येक वजनाला त्याच्या वर्णाने गुणून बेरीज करावी. ती २४० येते. एकूण वजन २० मासे. म्हणून वर्ण १२. हेच सोने शोधून १६ मासे उरले तर त्याचा वर्ण १५ होईल, आणि १६ वर्णांचे म्हणजे निखळ झाले तर वजन १५ मासे उरेल. हीण जळून जाईल, पण वजन आणि वर्ण यांचा गुणाकार बदलणार नाही. कारण तो गुणाकार म्हणजे आतले खरे सोने.

याहून महत्त्वाचे आहे ते उलट उदाहरण. १६ वर्णांची एक गोळी आणि १० वर्णांची दुसरी, दोन्ही आटवून १२ वर्णांचे सोने झाले. तर प्रत्येकीचे वजन किती? भास्कराचार्यांची रीत अशी की इच्छित वर्ण आणि दोन्ही टोके यांतली अंतरे घ्यावी आणि ती अदलाबदल करून वजने ठरवावी. १२ आणि १० यांतले अंतर २, ते चढ्या सोन्याचे वजन. १६ आणि १२ यांतले अंतर ४, ते उतरत्या सोन्याचे वजन. या दोन्हींना हव्या त्या संख्येने गुणले तरी उत्तर बरोबरच राहते. हा तराजूचाच न्याय आहे: काट्याच्या जवळचे पारडे जड असावे लागते आणि लांबचे हलके. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या मठात जे पढवले जात असेल त्यात ही दोन अंतरांची अदलाबदलही असणार. ती रीत वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

जडपणाची ढाल

अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त या दोन्ही वाटा एकत्र येतात. सोन्याचा कस लावण्यासाठी ‘बनवारी’ची रीत तिथे दिली आहे: तांब्याच्या वगैरे सुयांच्या टोकांना ठराविक शुद्धतेचे सोने लावून त्यांच्या रेघा आणि परीक्षेच्या सोन्याची रेघ कसोटीवर ताडून पाहायची. दख्खनचा जुना होन दहा दर्जांचा, म्हणजे निखळ समजला जात असे. अकबराच्या पारखीत तो साडेआठांवर उतरला, असेही त्यात नमूद आहे. त्याच ग्रंथात सारख्या आकाराच्या धातूंच्या वजनांचा तक्ता आहे. सोने १०० धरले तर पारा ७१, शिसे ५९, रुपे ५४.

या तक्त्यात एक मोठे आश्वासन दडलेले होते. माणसाला ठाऊक असलेल्या सर्व धातूंत सोने सर्वांत जड. त्यानंतरचा पारा, तोही बराच मागे. म्हणजे सोन्यात काहीही मिसळा, मिश्रण हलकेच होणार. भास्कराचार्यांच्या रीतीने दोन टोकांच्या मधला आकडा गाठता येतो. पण सोने स्वतःच वरचे टोक असेल तर त्याच्या पलीकडे पाय ठेवायला जागा नाही. रंगाचे सोंग करता येत होते. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनचा घड्याळजी क्रिस्टोफर पिंचबेक याने तांबे व जस्त यांचे असे मिश्रण केले की ते डोळ्याला सोनेच वाटे. पण हातात घेताच ते निम्म्याहून हलके भरे. वजन सोन्याची ढाल होती. ती कोणा राजाच्या हुकुमाने मिळाली नव्हती, सृष्टीच्या रचनेतूनच आली होती, आणि म्हणून तिच्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

‘छोटे रुपे’ येते

ही ढाल फुटली ती दक्षिण अमेरिकेत. आजच्या कोलंबियाच्या चोको प्रदेशातील नद्यांच्या वाळूत सोन्याबरोबर एक पांढुरका, न वितळणारा धातू सापडे. स्पॅनिश लोक त्याला तुच्छतेने ‘प्लातिना’, म्हणजे छोटे रुपे, म्हणत. अंतोनियो द उल्योआ याने १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख केला. १७५० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याच्यावरील टिपणे आली. हा धातू शुद्ध झाल्यावर पाण्याच्या २१.४५ पट जड भरतो. इतिहासात प्रथमच सोन्याच्या वरचे टोक सापडले होते, आणि तेही त्या काळी सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता लीलावतीची रीत चालवून पाहा. वरचे टोक प्लॅटिनम २१.४५, खालचे टोक रुपे १०.४९, इच्छित आकडा सोन्याचा १९.३०. अंतरे अदलाबदल करून घेतली की आकारमानाने ८.८१ भाग प्लॅटिनम आणि २.१५ भाग रुपे असे उत्तर येते. वजनात सांगायचे तर शंभर तोळ्यांत सुमारे ८९.३ तोळे प्लॅटिनम व १०.७ तोळे रुपे. कागदावर तरी हे मिश्रण सोन्याइतकेच जड आहे. याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ज्याचे विशिष्ट गुरुत्व सोन्याइतकेच आहे असे मिश्रण सोन्यात दहावा हिस्सा घाला की निम्मे घाला, पाण्यातला तराजू एकच उत्तर देत राहील. सिराक्यूजचा निवाडा दोनच धातू आहेत आणि ते कोणते हे ठाऊक आहे, या गृहीतावर उभा होता. तिसरा धातू आला की अज्ञात राशी वाढतात आणि समीकरण मात्र तेवढेच राहते. मग उत्तरे अगणित होतात, आणि लबाडाला त्यांतले सोयीचे उत्तर निवडता येते.

त्यात भर म्हणजे सराफाची इतर हत्यारेही या धातूपुढे बोथट झाली. शिशाबरोबर आटवून हीण जाळण्याच्या परीक्षेत तांबे निघून जाते, पण प्लॅटिनम सोन्याबरोबरच मागे राहते. साधे तेजाब शुद्ध प्लॅटिनमला स्पर्श करत नाही. १७५०च्या दशकात लंडनच्या विल्यम ल्युइसने या धातूवर कसून प्रयोग केले, आणि सोन्यात तो मिसळला असल्यास कसा ओळखावा हा प्रश्न त्याच्यापुढे सतत होता. नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, दोन्ही धातू विरघळवून त्यात नवसागर टाकला की प्लॅटिनम खाली बसते आणि सोने द्रावणातच राहते. हा भेद सापडला तेव्हा कुठे परीक्षकांच्या जिवात जीव आला.

लबाडी मात्र थांबली नाही. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या सोन्याच्या नाण्यांच्या प्लॅटिनमच्या नकली प्रती निघाल्या. वर सोन्याचा मुलामा, आत ‘छोटे रुपे’. पुढे प्लॅटिनम महागले, आणि फसवणुकीसाठी घडलेली ती नाणी संग्राहकांच्या आवडीचा विषय झाली. सोन्याच्या आडोशाला दडवलेल्या धातूचा भाव एक वेळ सोन्याच्याही वर गेला.

सरासरी कुठे चालते, कुठे नाही

मग प्रश्न उरतो की वजन गाठता येते, तर बाकीचे गुण का गाठता येऊ नयेत? तीन-चार धातू घेऊन तीन-चार समीकरणे मांडावीत आणि सगळेच गुण जुळवावेत. गणिताला हे अवघड नाही, धातूला आहे.

जडपणाचा हिशेब जमतो, कारण मिसळताना वस्तुमान घटत-वाढत नाही आणि आकारमानही बहुधा थोडेसेच बदलते. सोने आणि रुपे यांचे अणू स्फटिकात जवळजवळ सारखीच जागा व्यापतात, म्हणून आर्किमिडीजच्या मुकुटात तर हे गणित फारच अचूक बसते. स्फटिकातील अणूंचे अंतर मिश्रणाच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत बदलते, असा नियम नॉर्वेचा लार्स व्हेगार्ड याने १९२१ साली मांडला; पण पुष्कळ जोड्या त्यापासून ढळतात. प्लॅटिनम आणि रुपे तर घन अवस्थेत एकमेकांत पूर्णपणे मिसळतही नाहीत. तेव्हा कागदावरचे ८९ आणि ११ मुशीत तसेच उतरेलच असे नाही.

इतर गुण सरासरीला मुळीच जुमानत नाहीत. सोने १०६४ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. पण चार भाग सोने व एक भाग तांबे यांचे मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच पातळ होते. दोघांच्या मधले तापमान नाही, दोघांच्याही खालचे! दागिन्याचा सांधा झाळण्याची कारागिरी याच चमत्कारावर चालते. विद्युत्‌वहनाची गोष्ट याहून विलक्षण. सोने आणि रुपे दोन्ही उत्तम वाहक. पण निम्मेनिम मिसळले की वहन दोघांहून कितीतरी उतरते, सोन्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येते. १८६०च्या दशकात ऑगस्टस मॅथिसन याने मिश्रधातूंच्या वहनावर जे दीर्घ काम केले, त्यातून हे वागणे स्पष्ट झाले. कारण असे की इलेक्ट्रॉनांची वाट शुद्ध स्फटिकाच्या एकसारख्या रांगांतून सुखाने जाते. परका अणू मध्ये आला की ती वाट अडखळते. रंगाचेही असेच. सोन्याचा पिवळेपणा हा तांब्याचा लाल आणि रुप्याचा पांढरा यांची बेरीज नव्हे. तो त्या अणूच्या अंतर्रचनेतून येतो. प्लॅटिनम थोडे मिसळले तरी तो मावळू लागतो.

म्हणजे एक गुण हिशेबाने गाठावा, तर दुसरा हातून निसटतो. तो सावरायला तिसरा धातू घ्यावा, तर चौथा गुण बिघडतो.

व्हेर्गारा आणि टंगस्टन

या कथेत एक योगायोग आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशातील व्हेर्गारा या लहानशा गावातील विद्यालयात १७८३ साली हुआन होसे आणि फाउस्तो एलुयार या दोन भावांनी एक नवा धातू वेगळा केला. तो टंगस्टन. त्याच विद्यालयात अध्यापन केलेल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाबानो याने १७८६ साली प्लॅटिनम घडवता येण्याजोगे करण्यात यश मिळवले. सोन्याच्या जडपणाची नक्कल करू शकणारे दोन्ही धातू अशा रीतीने एकाच छोट्या वर्तुळातल्या माणसांच्या हातून वापरात येण्याच्या वाटेला लागले. त्यांच्या मनात नकलेचा विचार नव्हता. ते पदार्थाचे सत्य शोधत होते.

टंगस्टनचे विशिष्ट गुरुत्व १९.२५, म्हणजे सोन्याला जवळजवळ चिकटलेले. इथे मिश्रणाचे गणितच नको. पण हा धातू ३४०० अंशांहून अधिक उष्णतेला वितळतो, सोन्यात विरघळत नाही आणि ठिसूळही असतो. म्हणून त्याची लबाडी कौटिल्याने सांगितलेल्या जुन्या वाटेवर परत येते: आत गाभा, वरून सोन्याचे आवरण. २०१२ साली न्यूयॉर्कमधील सराफांना दहा औंसांच्या काही पट्ट्यांच्या पोटात असा गाभा आढळला. वजन बरोबर, माप बरोबर, पृष्ठभागावरची परीक्षा बरोबर, आणि आत सोने नाही.

अशा पट्टीला पकडायचे तर एका गुणावर विसंबता येत नाही. टंगस्टनमधून ध्वनी सोन्यापेक्षा कितीतरी वेगाने जातो. वीज मात्र निम्म्याहून कमी सुखाने जाते. सोने चुंबकापासून किंचित दूर सरते, टंगस्टन आणि प्लॅटिनम किंचित जवळ येतात. क्ष-किरणांचे यंत्र पृष्ठभाग सांगते, ध्वनिलहरी अंतरंग सांगतात, आणि अखेरचा निवाडा आजही मूस आणि आम्ल यांच्याकडेच जातो. एक साक्षीदार फोडता येतो. चार स्वतंत्र साक्षीदार एकाच वेळी फोडणे कठीण.

हिशेब कोणाच्या हाती

वरच्या सगळ्या प्रवासात एक व्यक्ती कुठेच दिसली नाही. ती म्हणजे सोने मोडीला काढणारी. हिएरोला आर्किमिडीज मिळाला, अकबराला पारखी मिळाले, राज्यांना पोतदार मिळाले. पण लेकीच्या आजारपणात पाटल्या पदरात बांधून पेढीची पायरी चढणाऱ्या बाईला काय मिळाले? तिच्या पाटलीत किती हीण आहे हे समोरचा सराफ सांगेल ते. घट किती कापायची तेही तोच ठरवणार. ती विकत घेताना शंभर नंबरी आणि मोडताना हिणकस, हा अनुभव आपल्या समाजात नवा नाही. पुष्कळ सराफ सचोटीचे होते आणि आहेत. पण सचोटी समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून असणे हीच मुळात दुबळ्याची अडचण.

म्हणून २००० साली भारतीय मानक ब्यूरोने सुरू केलेली सोन्याच्या दागिन्यांवरील शुद्धतेच्या छापाची योजना आणि २०२१च्या जूनपासून देशाच्या पुष्कळ जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने झालेली तिची सक्ती, या घटना केवळ व्यापारी नियमांच्या नव्हेत. दागिन्यावरचा ‘९१६’ हा आकडा भास्कराचार्यांच्या वर्णांचाच आजचा अवतार आहे: हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजे बावीस कॅरेट. फरक एवढाच की तो आता विकणाऱ्याच्या जिभेवर नसून दागिन्याच्या अंगावर कोरलेला आहे, आणि तो तपासण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याला आहे. छापही खोटे निघू शकतात, जशी नाणी निघत. नियम केल्याने लबाडी संपत नाही. पण परीक्षा बंद पेढीतून उघड्यावर आली, हे थोडे नव्हे.

‘लीलावती’तील सुवर्णगणित शाळेतल्या मुलाला पंधरा मिनिटांत समजते. दोन अंतरे घ्यायची, अदलाबदल करायची. त्याच चार ओळींच्या रीतीने खोटे मिश्रणही साधता येते आणि खऱ्या सोन्यातले हीणही मोजता येते. जोवर ती मूठभर पारख्यांपाशी राहिली, तोवर तिचा लाभ मुख्यतः त्यांनाच झाला. आपल्या घरातल्या मुलींना, सुनांना दागिन्यावरचा आकडा वाचायला आणि त्यावरून तोळ्यात किती सोने येते हे काढायला शिकवणे, हा त्या जुन्या गणिताचा आजचा सर्वांत उपयोगी पाठ ठरेल.